आधी सही, मग कंपनीचं नाव

विसरलेल्या संपत्तीचे वारस शोधून देणाऱ्या एका एजन्सीची गुळगुळीत पुस्तिका हातात आली. पहिल्याच पानावर ठळक टायपात 'पारदर्शकता, सचोटी, व्यावसायिक नीतिमत्ता'. मागे करारनामा जोडलेला. त्यातलं एक कलम असं, की ज्या कंपनीचे शेअर सापडले तिचं नाव वारसाने करारावर सही केल्यानंतरच त्याला कळवलं जाईल. एवढ्या चार-सहा पानांच्या प्रवासात पारदर्शकतेने प्राण सोडला होता.

हा धंदा सध्या तेजीत आहे आणि त्यामागचं कारण साधं आहे. कुणाच्या आजोबांनी कधीकाळी शेअर घेतले, प्रमाणपत्रं ट्रंकेत गेली, चाळ सोडून फ्लॅट घेतला, डिव्हिडंडची वॉरंटं जुन्या पत्त्यावर जाऊन परत फिरली. कंपनी कायदा २०१३ चं कलम १२४ सांगतं, की सलग सात वर्षं लाभांश कुणी उचलला नाही तर ते शेअरच गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये जमा होतात. बुडत नाहीत, जमा होतात! मालकाने किंवा वारसाने आयईपीएफ-५ हा फॉर्म भरून ते परत मागायचे. त्यासाठी आयईपीएफ प्राधिकरण शुल्क घेत नाही. कुणाचे शेअर गेले याची यादी कंपनीला स्वतःच्या संकेतस्थळावर लावावी लागते. बँकांत दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' पोर्टल उघडलं, तेही फुकट.

मग एजन्सीचं गुपित कुठून येतं? याच उघड्या यादीतून. यादी उतरवून घ्यायची, आडनावावरून नि जुन्या पत्त्यावरून फोन नंबर काढायचा आणि आवाज खाली आणून बोलायचं. असा फोन माझ्या चुलतभावाला आला. त्याने स्पीकरवर टाकून माझ्याकडे दिला.

"साहेब, तुमच्या आजोबांच्या नावे मोठं होल्डिंग निघालंय."

"कुठल्या कंपनीत?"

"ते कॉन्फिडेन्शियल असतं, साहेब."

"कुणापासून?"

यावर थोडी शांतता, मग फीचा आकडा: पंचवीस टक्के अधिक जीएसटी. आमच्याच आजोबांची गोष्ट आमच्यापासून गोपनीय! पोस्टमनकडून शेजाऱ्याचं पाकीट उचलायचं आणि आतल्या पैशांतला चौथा हिस्सा कबूल केल्याशिवाय ते द्यायचं नाही, याला नीतिमत्ता म्हणणाऱ्याची मला लाज वाटते.

पण माझा खरा संताप पुढच्या वाक्यावर आहे. भावाने सांगितलं, "आत्या आहे, थोरल्या काकांच्या दोन मुली आहेत, त्यांना विचारावं लागेल." पलीकडून ताबडतोब सल्ला आला: "लेडीज मेंबर्सना आत्ता यात आणू नका. प्रोसेस लांबते. त्यांची एनओसी नंतर आम्ही बघतो."

वारस शोधणं हे ज्याचं काम, तो सापडलेल्या वारसांना लपवायला सांगतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, ती तेव्हापासून. इतक्या वर्षांत ही बातमी या तज्ज्ञांपर्यंत पोचली नाही? पोचली आहे, चांगलीच पोचली आहे. एक पुतण्या गाठला की एक सही. सगळे वारस गाठले की सात जण, सात प्रश्न, आणि त्यांतली एखादी आत्या शाळेतून निवृत्त झालेली, करार चष्मा लावून वाचणारी. धंद्याला ती परवडत नाही.

"बहिणींचा पत्ता लागत नाही" ही सबब तर मी ऐकूनच घेणार नाही. लग्नात आडनाव बदलतं, कित्येक घरांत पहिलं नावही बदलतं, हे मान्य. म्हणून तर शोधणाऱ्याची गरज आहे! नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या नोंदलेल्या आहेत. कित्येक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशांत मुलींची सासरची नावंही मिळतात. तलाठ्याकडे वारस फेरफार आहेत, शाळांकडे दाखले आहेत, घराघरांत लग्नपत्रिका आहेत. हे सगळं धुंडाळून वंशावळ पुरी करायची आणि मगच तोंड उघडायचं, हा या कामाचा पहिला दंडक असायला हवा. जो यादीतलं नाव फोनबुकात शोधतो, त्याने स्वतःला संशोधक म्हणवू नये.

नॉमिनीच्या नावाने चालणारी फसवणूकही अशीच. "नॉमिनी तुम्हीच ना? मग बाकीच्यांचा संबंध नाही," असं बिनदिक्कत सांगतात. नॉमिनी हा शेअरचा मालक होत नाही, वारसाहक्क तसाच राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलं आहे.

आणि ते टक्के! टक्के शेअरच्या बाजारभावावर. तीस वर्षांत कंपनी वाढली, बोनस दिले, एका शेअरचे दहा झाले. यात एजन्सीने कोणता घाम गाळला? पन्नास शेअर असोत की पाच हजार, फॉर्म तोच, हमीपत्र तेच, मालमत्तेच्या आकड्यानुसार वाढतो तो फक्त लोभ. बार कौन्सिलचा नियम वकिलाला असं करू देत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, वसुलीत वाटा घ्यायचा नाही. एका वकिलाने वसुलीतला निम्मा हिस्सा लिहून घेतला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. मग एजन्सीचे 'पॅनेलवरचे अ‍ॅडव्होकेट' त्या पंचवीस टक्क्यांतून आपला वाटा घेत असतील तर ते कोणत्या तोंडाने सनद मिरवतात? एजंटाला मात्र ना सनद, ना परवाना, ना त्याला घरी बसवणारी कुठली समिती. त्याची आचारसंहिता तोच लिहितो, तोच छापतो आणि तोच मोडतो.

या लोकांना कुरण मोकळं सोडलं आहे ते सरकारी पद्धतीने. प्रमाणपत्रावर 'दत्तात्रय', आधारवर 'दत्तात्रेय', बँकेत नुसतं 'डी. के.'. या एका मात्रेसाठी प्रतिज्ञापत्र करा. सही जुळत नाही, बँकेतून साक्षांकित करून आणा. मग बऱ्याचदा न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र, मग कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे कागदांचा गठ्ठा, मग एखादा कागद कमी म्हणून सगळं परत. सत्तरी ओलांडलेल्या बाईने हे कसं करावं? तिला माणूस लागतोच, आणि नीट काम करणाऱ्या माणसाने त्याचे पैसे जरूर घ्यावेत, अगदी चांगले घ्यावेत. कामाचे घ्यावेत. कंपनीचं नाव आधी सांगावं, मोफत रस्ता आहे हे लेखी सांगावं, सगळ्या वारसांना एकाच दिवशी कळवावं, फी रुपयांत ठरवावी. कोरा चेक आणि सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र तर मागूच नये.

आयईपीएफ प्राधिकरणालाही माझी सरळ मागणी आहे. दावा एजंटामार्फत आला असेल तर त्याचं नाव, त्याची फी आणि त्याने कळवलेल्या प्रत्येक वारसाची सही अर्जातच घ्या. एक रकाना वाढेल, पण कितीतरी आत्यांचा हिस्सा वाचेल. एजन्सीवाले म्हणतील, नाव आधी सांगितलं तर लोक स्वतःच फॉर्म भरतील, मग आम्ही खायचं काय? स्वतः भरता येण्यासारखा फॉर्म असेल तर लोकांनी तो भरावाच. ज्याची कमाई दुसऱ्याच्या अज्ञानावर चालते, त्याने दुसरा धंदा बघावा.