धाराशिवच्या स्त्रियांचे ऋण

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा एका रात्रीत उद्भवणारा रोग नव्हे. एका विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहिला, तर गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू फरक पडत जातो. त्या फरकाचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढी सवड देणारे कर्करोग फार थोडे. तरीही जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग जडला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या.

ही सवड वाया का जाते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'अज्ञान' या एका शब्दात दिले जाते. बायका दुखणे अंगावर काढतात, अंगावरून जाते ते नवऱ्यालाही सांगत नाहीत, म्हणून जनजागृती केली की निम्मे काम झाले, असे मानण्याचा प्रघात आहे. भाषणे, भित्तिपत्रके आणि महिलादिनाची शिबिरे यांवर त्यामुळे बराच उत्साह खर्च होतो. हा उत्साह निरर्थक आहे असे कोणी म्हणणार नाही. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या कामातील कार्यकर्त्यांनी भोवतालच्या खेड्यांत जाऊन लक्षणे समजावून सांगितली, तेव्हा स्त्रिया रोगाच्या आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या, हे नोंदींतूनच दिसून आले. मात्र माहितीचा पल्ला कोठवर जातो, हेही याच मुलखाने पुढे दाखवून दिले.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांची एक पाहणी सुरू झाली. गावांचे चार गट पाडण्यात आले. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात सौम्य अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी आणि चौथ्यात केवळ माहिती व तपासणी कोठे मिळेल याचे मार्गदर्शन. आठ वर्षांनंतरचे आकडे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणू-चाचणीच्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया मृत्यू पावल्या होत्या. जवळपास तेवढ्याच संख्येच्या, केवळ माहिती मिळालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, असा आक्षेप पुढे घेण्यात आला, आणि तो गंभीर आहे. परंतु त्याहून गंभीर प्रश्न असा की, एवढी किंमत मोजून मिळालेल्या ज्ञानाचे आपण केले काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणू-चाचणीला अग्रक्रम दिला. इकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधी तरी झालेल्यांचे प्रमाण शेकडा दोनही भरले नाही.

यंत्रे नाहीत, तज्ज्ञ नाहीत ही सबब येथे पूर्णपणे चालण्यासारखी नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून चाललेल्या प्रयोगात आम्ल लावून पाहण्याचे काम दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी केले. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के स्त्रिया तपासणीला आल्या. 'आमच्या बायका येत नाहीत' हे पालुपद ज्यांच्या तोंडी असते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ओळखीची बाई घरी येऊन नीट सांगते आणि तपासणी वस्तीतच होते, तेव्हा बायका येतात. गळती होते ती पुढे. दोष आढळलेल्यांपैकी पाचातली एक निदान पक्के करण्यासाठी पोहोचली नाही. दिवसाची मजुरी, मुले कोणाकडे ठेवायची, 'कॅन्सर' हा शब्द घरात उच्चारायचा कसा, या अडचणी शिबिराच्या अहवालात येत नाहीत.

जागृती झाली आणि तपासणी नसली, तर काय होते याचे उदाहरण धाराशिवच्या शेजारीच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने केली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. पांढरे जाते, पोट दुखते अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल, अशी भीती घालण्यात आल्याचे तेव्हा उघड झाले. रोगाचे नाव त्यांना ठाऊक झाले होते, परंतु तो आहे की नाही हे सांगणारी स्वस्त तपासणी कोणी दिली नव्हती. त्या पोकळीत शस्त्रक्रियेचा व्यापार फोफावला.

पुण्यात तयार झालेली लस २०२२ मध्ये जाहीर झाल्यापासून चर्चेचा रोख मुलींच्या लसीकरणाकडे वळला आहे. ते व्हावयासच हवे. पण आज चाळिशीत असलेल्या स्त्रीला त्या लसीचा फारसा उपयोग नाही. तिला तपासणीच हवी. आणि ती केव्हा हवी, याचाही विचार व्हावा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की मराठवाड्यातील कित्येक गावे उन्हाळ्यापर्यंत अर्धी रिकामी होतात. आम्ल लावल्यावर उत्तर मिनिटाभरात मिळते आणि सुरुवातीचा दोष उष्णता देऊन त्याच बैठकीत नाहीसा करता येतो. हे काम पावसाळ्यात, बायका गावात असताना, उपकेंद्रावर करावयाचे आहे.