बहात्तर पटींनी लहान

गेले आठ-नऊ महिने रात्रीची जेवणे आटोपली की मी ॲव्हरो लँकेस्टर या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाची १:७२ प्रमाणातील प्रतिकृती करीत बसतो. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १०२ फूट. माझ्या टेबलावर तो ४३ सेंटिमीटर भरतो. या छंदाविषयी सहकाऱ्यांत दोन मते आहेत. काहींना तो चाळिशी उलटलेल्या माणसाचा पोरखेळ वाटतो, तर काहींना त्यात युद्धाचे छुपे आकर्षण दिसते. पहिला आक्षेप मला मान्यच आहे. दुसऱ्याला उत्तर देताना मात्र मी अडखळलो. त्या अडखळण्याचा संबंध वाङ्मयाच्या अभ्यासाशी आहे असे वाटल्यामुळे ते येथे मांडतो.

आक्षेप घेणाऱ्यांची अशी समजूत असते की प्रतिकृतीकाराचे लक्ष फक्त बाहेरच्या दिमाखावर असते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. विमानाचे धड दोन उभ्या अर्धुकांत येते. ती जोडण्यापूर्वी नॅव्हिगेटरचे टेबल, वायरलेसचे खोके, वैमानिकाची खुर्ची, धडातून आडवी जाणारी पंखांची तुळई हे सारे रंगवून घ्यावे लागते, आणि अर्धुके जोडली की यातले बहुतेक कायमचे अंधारात जाते. तरीही रंगवायचे. कोणी पाहणार नाही हे ठाऊक असताना केलेल्या कामाविषयी मला आदर आहे, आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

या कामातून माणसांविषयी काही कळते, हेही खरे. लँकेस्टरमध्ये सात जण असत. ती तुळई धडात इतकी वर आलेली होती की जाडजूड कपड्यांनिशी पुढेमागे जाणाऱ्याला ती अक्षरशः ओलांडावी लागे; जळत्या विमानातून बाहेर पडतानाही. अगदी मागे, शेपटाच्या टोकाला, चार मशीनगनच्या काचघुमटात एकटा गनर बसे. जागा एवढी अपुरी की त्याचे पॅराशूट घुमटाबाहेर, धडात ठेवलेले असे. ते किटमध्ये नव्हते. मी एपॉक्सी पुटीचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा घेऊन ते केले आणि घुमटाच्या दारामागे चिकटवले. बॉम्बर कमांडमध्ये उड्डाण करणाऱ्या सुमारे १ लाख २५ हजारांपैकी ५५,५७३ जण मारले गेले. हा आकडा मी पूर्वीही वाचला होता. पण त्या दाण्याचे आणि गनरच्या हाताचे अंतर चिमट्याने मोजताना तो प्रथमच अंगावर आला.

इथवर सारे प्रतिकृतीकाराच्या बाजूने झाले.

वर्गात वास्तववाद शिकवताना आपण तपशिलाला फार मान देतो. लेखकाने चुलीतला धूर, कंदिलाची काजळी, उंबऱ्याची झीज नेमकी टिपली की त्या कादंबरीच्या खरेपणाची जणू हमीच मिळाली, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. लँकेस्टरने त्या विश्वासाला पहिला धक्का दिला तो रंगांच्या बाबतीत. मूळ रंग जसाच्या तसा लावला तर लहान प्रतिकृती अवाजवी गडद दिसते. मोठी वस्तू आपण लांबून पाहतो, मधल्या हवेने तिचा रंग फिकटतो. म्हणून प्रतिकृतीच्या रंगात थोडा पांढरा वा करडा मिसळायचा, असा संकेत आहे. पोटाचा काळा रंगही निव्वळ काळा ठेवायचा नाही. पत्र्यांच्या सांध्यांचेही तेच. किटवरची ०.२ मिलिमीटर रुंदीची खाच ७२ने गुणली तर खऱ्या विमानावर जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट होईल. अशा फटी घेऊन कोणते विमान उडेल? पण खाच नसेल तर पाहणाऱ्याला प्रतिकृती खोटी वाटते. थोडक्यात, तपशील विमानाशी इमान राखून येत नाही, पाहणाऱ्याच्या समजुतीशी इमान राखून येतो. (हे वाक्य विद्यार्थ्याने परीक्षेत लिहिले असते तर मी गुण दिले असते की नाही, कोण जाणे.)

दुसरा धक्का पोटाखालचा. लँकेस्टरचा बॉम्बकक्ष ३३ फूट लांब. त्यात बसवायचा एक ४००० पौंडी बॉम्ब किटमध्ये आहे. दिसायला पाणी तापवण्याच्या बंबासारखा, ना टोक ना डौल. त्याच्यासोबत डझनभर चौकोनी पेट्या. सगळ्या किटमध्ये इतके कंटाळवाणे भाग दुसरे नाहीत; एका संध्याकाळी गाणी ऐकत मी ते उरकून टाकले. बंबाने छपरे आणि खिडक्या उडवायच्या आणि पेट्यांतून पडणाऱ्या चार-चार पौंडी आगलाव्या कांड्यांनी उघड्या पडलेल्या घरांत शिरायचे, अशी ती योजना होती. २७ जुलै १९४३च्या रात्री हॅम्बुर्गवर ७००हून अधिक विमाने गेली, त्यांत साडेतीनशेच्या आसपास लँकेस्टर होती. हामरब्रूकसारख्या कामगारवस्त्यांत आगींची मिळून एकच आग झाली आणि तिने स्वतःचे वादळ निर्माण केले. त्या आठवड्यातील हल्ल्यांत ३५ ते ४० हजार माणसे मेली असे मानले जाते. हे मला ठाऊक होते, आणि तरी त्या पेट्या मी सर्वांत कमी लक्ष देऊन रंगवल्या. गनरचे पॅराशूट किटमध्ये नसतानाही मला सुचले. पेट्या किटमध्ये असूनही त्यांचा अर्थ सुचला नाही. युद्धाच्या आकर्षणाचा आरोप मी आजही नाकारतो. पण आपली करुणा विमानाच्या पत्र्यापाशी येऊन थांबली होती, हा आरोप मला स्वतःवर करावा लागतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो.

हान्स एरिख नोसाक हा लेखक त्या आठवड्यात योगायोगाने हॅम्बुर्गबाहेरच्या माळावरील एका झोपडीवजा घरात होता. आपले शहर जळताना त्याने तेथून पाहिले. त्याची हस्तलिखितेही त्यात गेली. त्याने लिहिलेला वृत्तांत १९४८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यंत्रांचा तपशील शोधू जाल तर निराशा होईल. परतलेल्या माणसाला आपली गल्ली ओळखू येत नाही, हे मात्र आहे. पुढे झेबाल्डने १९९७च्या झुरिच व्याख्यानांत जर्मन लेखकांनी या विध्वंसाविषयी पाळलेल्या मौनावर कठोर टीका केली. तिच्यातही नोसाकच्या साध्या, संयत लेखनाची त्याने कदर केली. उलट विमानांविषयीचे वाङ्मय पाहा. माझ्याच कपाटात लँकेस्टरवरची चार पुस्तके आहेत, रिव्हेटच्या रांगांपर्यंत सारे सांगणारी. हॅम्बुर्गच्या एका घराचा तितका तपशील माझ्याजवळ नाही आणि तो मी कधी मागवलाही नव्हता.

शिझुओका हे जपानी शहर जून १९४५मध्ये अमेरिकन बी-२९ विमानांनी जाळले. त्याच शहरातील तामिया कंपनीने १९७०च्या दशकात १:४८ प्रमाणातील लँकेस्टरचे किट काढले, आणि त्याची वाखाणणी अजून होते. याचा अर्थ कसा लावावा? क्षमा, व्यापार, विस्मरण यांपैकी कोणताही एक शब्द घाईने चिकटवावा असे मला वाटत नाही.

आता डेकल तेवढी राहिली आहेत. मी निवडलेले विमान लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयात आहे. शंभराहून अधिक मोहिमा करून ते टिकले आणि त्याच्या नाकाडावर दर मोहिमेमागे एक असे छोटे बॉम्ब रंगवलेले आहेत. डेकलच्या कागदावर ते मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे आहेत, पिवळ्या रांगांत. ते न लावणे म्हणजे आणखी एक सोयीस्कर गाळणी ठरेल, तेव्हा लावणारच. बॉम्बकक्षाची दारे बंद चिकटवण्याची सोय किटमध्ये आहे आणि तसे केले असता विमानाची रेघ फारच देखणी येते. मी दारे उघडी ठेवली आहेत. पेट्यांचा रंग काढून त्या पुन्हा, या वेळी गाणी न लावता, रंगवायला घेतल्या आहेत. टेबलावर ठेवलेल्या विमानाचे पोट वरून दिसत नाही. खाली एक आरसा बसवावा लागेल.