बी कोणाच्या कोठारांत?

नॉर्वे देशाच्या उत्तरेस, ध्रुवाच्या वाटेवर, स्वालबार नांवाचा बर्फाळ द्वीपसमूह आहे. तेथील एका डोंगराच्या पोटांत इ. स. २००८ मध्यें पिकांच्या बियाण्यांचें एक कोठार उघडण्यांत आलें. उणे १८ अंशांच्या थंडींत तेथें निरनिराळ्या देशांनीं व संशोधनसंस्थांनीं ठेवलेले बारा लाखांहून अधिक नमुने आज सुरक्षित आहेत. जगाच्या अन्नाची तरतूद करण्याचे जे आंतरराष्ट्रीय प्रयत्न चालले आहेत, त्यांत हा आम्हांस विशेष शहाणपणाचा वाटतो. परंतु बी तेथें आहे, तेव्हां आपणांस घरीं जपण्याचें कारण उरलें नाहीं, असा जो समज कांहीं सुशिक्षित शेतकरी बंधूंत पसरत आहे, तो आम्हांस घातक वाटतो.

या कोठाराचा उपयोग कसा होतो, हें एका प्रसंगावरून कळण्याजोगें आहे. सीरिया देशांत अलेप्पो शहराजवळ कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठीं इकार्डा ही संस्था काम करीत असे. १९७७ सालीं ती स्थापन झाली. गहूं, जव, मसूर, हरभरा यांच्या देशी वाणांचा तिचा संग्रह मोठा होता. २०११ पासून त्या देशांत यादवी माजली व संस्थेस तेथील कामकाज सोडावें लागलें. सुदैवानें संग्रहाच्या बऱ्याच भागाच्या जोडप्रती स्वालबारला आधींच धाडलेल्या होत्या. २०१५ सालीं त्यांतील सुमारें ३८ हजार नमुने परत मागविण्यांत आले. त्या कोठारांतून बी बाहेर निघण्याची ती पहिलीच वेळ. लेबनॉन व मोरोक्को येथें तें पेरून वाढविलें आणि २०१७ पासून नवें बी पुन्हा कोठारांत ठेवण्यास प्रारंभ झाला.

तें बी शेतकऱ्यांस वांटण्याइतकें नव्हतेंच. स्वालबारच्या एका नमुन्यांत साधारणतः पांचशे दाणे असतात. ज्वारीचे पांचशे दाणे नेहमींच्या अंतरावर टोबले तर फार तर अर्धा गुंठा जमीन व्यापेल. त्यांतून पुढील हंगामास एक-दोन एकरांपुरतें बी कसेंबसें हातीं येईल, आणि सबंध गांवास पुरावयास आणखी एक हंगाम लागेल. एवढ्या काळांत शेतकऱ्यानें काय पेरावें? शिवाय थंडींत निजलेल्या बियाण्यास नवी कीड, नवा रोग, लांबलेला पाऊस यांची ओळख होत नाहीं. ती ओळख शेतांतच होते.

आपल्याकडील ज्वारीचीच गोष्ट घ्या. १९६४ सालीं सीएसएच-१ हा संकरित वाण आला व खरिपाच्या पुष्कळ मुलखांतून जुने वाण हळूहळू गेले. त्या टंचाईच्या दिवसांत संकरित बियाण्यानें उत्पन्न वाढविलें, त्याची निंदा आम्ही करणार नाहीं. परंतु परतीच्या पावसांत दाणा काळा पडूं लागला, आणि कडब्याची तक्रार निराळीच. रब्बींत मात्र भाकरीसाठीं व कडब्यासाठीं लोकांनीं मालदांडी सोडली नाहीं. तिचा जो सुधारलेला वाण एम ३५-१ म्हणून प्रसिद्ध आहे, तो सोलापूर जिल्ह्यांत मोहोळच्या संशोधनक्षेत्रावर स्थानिक मालदांडींतून निवडलेला. निवड तज्ज्ञांनीं केली खरी. पण निवडण्याजोगें बी शेतकऱ्यांच्या घरीं होतें म्हणून.

कायदा याबाबतींत आपल्या बाजूचा आहे. २००१ सालीं रोम येथें संमत होऊन २००४ पासून अमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें बी जपणाऱ्या शेतकऱ्यांचे हक्क मान्य केले. आपल्या देशांतील २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या पिकाचें बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाहि हक्क दिला आहे; संरक्षित वाणाचें बी छापील पिशवींतून त्या वाणाच्या नांवानें विकण्याची तेवढी मनाई. मात्र हा हक्क बजावावयास घरांत बी असावें लागतें!

सर्व शेत जुन्या वाणानें पेरा, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याला बाजारांत भाव तेंच शेतकरी पेरणार. आमची सूचना एका गुंठ्याची आहे. इतर ज्वारीपासून शक्य तितकें दूर, घरचें बी वेगळें पेरावें. परागाची थोडीफार सरमिसळ ज्वारींत होतेच, म्हणून अंतर राखण्यांत आळस करूं नये. काढणीपूर्वीं उभ्या पिकांतून खात्रीचीं कणसें खुणा करून निवडावीं, नीट वाळवावीं व कडुनिंबाचा पाला घालून मडक्यांत ठेवावीं. हें काम बहुतेक घरीं बायकांच्या हातीं असे. वडीलधाऱ्या बायकांस विचारल्यास आमच्या लेखापेक्षां अधिक कळेल.

हुरड्याची गूळभेंडी किंवा दुसरा कोणताहि जुना वाण ज्या सभासदांकडे अद्याप असेल, त्यांनीं रब्बीच्या पेरणीपूर्वींच्या सभेस येतांना त्याचीं दोन कणसें बरोबर आणावीं, व तें बी घरांत किती वर्षांपासून आहे हें लिहून आणावें.