गोळीची भीती आणि गोळीचा हिशेब

गर्भनिरोधक गोळीबद्दल आमच्या ओपीडीत सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "डॉक्टर, या गोळ्यांनी नंतर दिवस राहत नाहीत म्हणतात." बोलणारी बहुधा सोबत आलेली सासू किंवा नणंद असते. हे खरं नाही. गोळी बंद केल्यावर बहुतेक स्त्रियांमध्ये एक ते तीन महिन्यांत बीजनिर्मिती पूर्ववत होते. पण या खोट्या भीतीच्या गोंगाटात गोळीचे खरे धोके विचारायचेच राहून जातात.

खरा धोका आहे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा. गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण स्त्रियांपैकी वर्षभरात साधारण दोघींना अशी गुठळी होते. माला-एनसारख्या लिव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीवर पाच ते सात जणींना, तर मुरुमांसाठी बरी म्हणून खपणाऱ्या ड्रॉस्पिरेनोनच्या महागड्या गोळीवर नऊ ते बारा जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहूनही जास्त असतो, हे मात्र कोणी सांगत नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी जुनी गोळी म्हणजे हलकी, असं समजणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत.

काही जणींनी मात्र या गोळ्या घेऊच नयेत. रक्तदाब वाढलेला, डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी, पूर्वी झालेली गुठळी, यकृताचा गंभीर आजार, स्तनाचा कर्करोग, पस्तिशीनंतर धूम्रपान, अंगावर पिणारं सहा महिन्यांच्या आतलं बाळ. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीचा भरवसा धरता येत नाही. हे सगळं विचारायला आणि बीपी बघायला पाच मिनिटं पुरतात. औषधाच्या दुकानात तेवढंही होत नाही, माझा आक्षेप तिथे आहे, गोळीवर नाही.

कारण फायदे मोठे आहेत. पाळीतला रक्तस्राव कमी होतो. निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असलेल्या देशात ही लहान गोष्ट नव्हे. माला-एनच्या पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, त्या फेकू नका. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका घटतो, आणि हे संरक्षण गोळी सोडल्यावरही बरीच वर्षं टिकतं. स्तनाच्या कर्करोगाचा धोका गोळी चालू असताना किंचित वाढतो, हेही सांगायला हवं.

रोजच्या गोळीला घाबरणाऱ्या मुली बहात्तर तासांची गोळी महिन्यातून दोन-तीनदा घेतात, तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो. ती गोळी अडीअडचणीची, नेहमीच्या वापरासाठी नाही, आणि रोजच्या गोळीइतकी खात्रीचीही नाही. गौरी-गणपतीआधी पाळी पुढे ढकलायला घेतात ती गोळी तर गर्भनिरोधक नव्हेच. हार्मोन नको असतील तर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली 'छाया' आहे: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा.

तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोळी वापरणाऱ्या विवाहित स्त्रिया पाच टक्के, शस्त्रक्रिया झालेल्या अडतीस, आणि नसबंदी केलेले पुरुष शेकडा अर्धासुद्धा नाहीत.

गोळी चालू असताना एकच पाय सुजला-दुखला, छातीत दुखलं, धाप लागली, अचानक तीव्र डोकेदुखी झाली किंवा दिसेनासं झालं, तर थेट रुग्णालय गाठा आणि गोळी घेत असल्याचं सांगा. सासू शेजारी उभी असेल तर डॉक्टरांना सांगून तिला बाहेर बसवा.