सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे

राजापूर म्हटले की उन्हाळे गावची गंगा आणि धोपेश्वर ही तीर्थे स्मरतात. याच तालुक्यातील जांभ्याच्या सड्यांवर याहून प्राचीन ठेवा उघड्यावर आहे. कशेळीचा सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आणि बारसूची दोन वाघांमधील मानवाकृती ही आपल्या पूर्वजांची कातळावरील अक्षरेच होत. कोकणच्या कातळशिल्पांत गेंडाही आढळतो. आज तो कोकणात नाही. त्याची आठवण दगडानेच जपली आहे.

२०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत अशी ९ स्थळे समाविष्ट झाली. कशेळी, बारसू, देवीहसोळ व देवाचे गोठणे ही राजापूरची नावे त्यांत आहेत. पुढच्याच वर्षी प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झाले आणि संघर्ष पेटला.

कोकणातील तरुणाला रोजगार हवा, याविषयी दुमत नाही. प्रश्न दृष्टीचा आहे. ज्याला आपण पडीक म्हणतो, तो सडा पावसाळ्यात रानफुलांनी बहरतो, गुरांना चारा देतो, पाणी मुरवून खालच्या विहिरी जिवंत ठेवतो. शिल्पाभोवती कुंपण घालून उरलेला सडा खणला, तर चित्र उरेल. पण त्याचा अर्थ हरवेल. मंदिराचा गाभारा राखून सभामंडप पाडण्यासारखेच ते होय.

म्हणून संरक्षण हवे ते संपूर्ण सड्याचे. वारशाचा अभिमान मिरवणाऱ्या समाजाने एवढा विवेक दाखवावयास नको काय?