‘आळशी’ म्हणण्याआधी



या सदरात आपण मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांविषयी वाचतो. आज मी अशा एका लक्षणाविषयी लिहिते आहे, ज्याची तक्रार रोगी स्वतः सहसा करत नाही. तक्रार करतात घरची माणसे, आणि तीही चुकीच्या शब्दांत. मीही केली. तीस वर्षे नर्स म्हणून नोकरी केलेल्या बाईने तरी ती करायला नको होती, म्हणून हा लेख.

आमच्या ह्यांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात, होऊन सहा वर्षे झाली. उजवा हात थरथरू लागला, चाल मंदावली. गोळ्यांनी बराच उतार पडला. पण तिसऱ्या वर्षी वेगळेच सुरू झाले. मलिद्याच्या कार्यक्रमात ज्यांचा आवाज सर्वांत आधी लागायचा, ते घरी बसू लागले. कॅरमचा बोर्ड सोफ्यामागे गेला. मुंबईहून भावाचा फोन आला तरी “तूच बोल.” नातवाच्या बार मित्झ्वाची तारीख सांगितली, तर “बरं.” रडणे नाही, चिडणे नाही. सकाळी ज्या खुर्चीत बसत, दुपारीही त्याच खुर्चीत.

एक दिवस माझा तोल सुटला. “अहो, हात आता बरा आहे ना? मग नुसते बसून काय राहता? आळस भिनलाय तुमच्या अंगात!” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “असेल.”

आपल्या समाजात याहून मोठी शिवी नाही. कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आठवड्यातला तो एक दिवस सोडला, तर घाणा थांबत नसे. इथे आल्यावर आपल्या आईवडिलांनी दिमोनासारख्या गावांत, वाळवंटाच्या उन्हात, कारखान्यांच्या पाळ्या केल्या. माणसाची किंमत आपण त्याच्या कष्टावरून करतो. ही सवय चांगली आहे, पण या आजारापुढे ती आपल्याला आंधळे करते.

त्यानंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी हात पाहिला, चाल पाहिली, झोपेचे विचारले. उठता उठता मी सहज म्हणाले, “यांना कशातच रस राहिला नाही.” डॉक्टरांनी आम्हाला परत बसवले. हा स्वभाव बदललेला नाही, हा आजाराचाच भाग आहे, असे त्यांनी समजावले. घरी येऊन मी वाचायला बसले.

मेंदूच्या पुढच्या भागातून काही वाटा खोलवरच्या केंद्रांकडे जातात आणि थॅलॅमसमार्गे परत पुढे येतात. 1986 मध्ये अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवले की अशा अनेक वाटा शेजारी शेजारी चालतात. एक हालचालीची. दुसरी, ‘हे करण्याजोगे आहे, चला उठू’ असे ठरवण्याची. दोन्हींना डोपामिन लागते, आणि पार्किन्सनमध्ये तेच कमी पडते. पहिल्या वाटेचा बिघाड दिसतो, कारण हात थरथरतो. दुसरीचा दिसत नाही, आणि आपण त्याला आळस म्हणतो.

डोपामिनला वर्तमानपत्रे ‘आनंदाचे रसायन’ म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. ज्यांचे डोपामिन जवळजवळ संपवले होते, अशा उंदरांवर बेरिज आणि रॉबिन्सन यांनी प्रयोग केले. असे उंदीर आपणहून खाण्याकडे जात नाहीत. पण तोंडात गोड थेंब घातला, तर नेहमीसारखेच जिभल्या चाटतात. गोडी कायम राहते, तिच्यामागे जाण्याची ओढ जाते. हे वाचून मला रोश हशानाचा दिवस आठवला. चिकाचा हलवा टेबलावर, हाताच्या अंतरावर होता. ह्यांनी हात पुढे केला नाही. मी मनात म्हटले, माझ्या दोन दिवसांच्या मेहनतीची यांना किंमत नाही. मग सुनेने बशी हातात दिली. दोन वड्या खाल्ल्या आणि म्हणाले, “छान झालाय.”

ऑक्सफर्डला मसूद हुसेन यांच्या गटाने माणसांवर अभ्यास केला. पडद्यावर सफरचंदांचे झाड दाखवायचे. इतकी सफरचंदे मिळवायला एक मूठ इतक्या जोराने आवळावी लागेल, हे सांगायचे. हे औदासीन्य असलेले पार्किन्सनचे रोगी थोड्या सफरचंदांसाठी मूठ आवळायला इतरांपेक्षा जास्त वेळा नकार देत. मोबदला मोठा असला की तयार होत. म्हणजे हातात बळ होते. लहान मोबदल्याचे मोल मेंदूत पुरेसे उमटत नव्हते. आणि आपले रोजचे आयुष्य तर लहान मोबदल्यांवरच चालते: एक फेरफटका, एक फोन, कॅरमचा एक डाव.

हे क्वचितचे नाही. पार्किन्सनच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे 40 जणांत ते आढळते. अल्झायमरमध्ये आणि पक्षाघाताच्या झटक्यानंतरही ते दिसते.

इथे आपल्या भाषेतला एक खड्डा सांगते. ‘उदास’ आणि ‘उदासीन’ हे शब्द दिसायला भाऊ-भाऊ, पण अर्थ वेगळे. उदास माणूस दुःखी असतो, स्वतःला दोष देतो. उदासीन माणसाला दुःखही फारसे होत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, पण औदासीन्याच्या सुमारे निम्म्या रोग्यांत नैराश्यही नसते आणि बुद्धीचा ऱ्हासही नसतो. उपचार वेगळे असल्यामुळे डॉक्टरांना नेमके सांगा. नुसते ‘आत्सूव’ म्हणू नका. ‘आदिश’ झालाय असे वाटत असेल, तर तेच म्हणा. त्या एका शब्दाने तपासणीची दिशा बदलते.

माझे म्हणणे असे की कुपात होलिमला जाताना फक्त थरथरीची नोंद नेऊ नये. आपणहून काय करायचे थांबले, हेही कागदावर लिहून न्यावे: फोन, आंघोळ, कॅरम, सिनेगॉग. विचारले नाही तरी सांगावे. नैराश्य, थायरॉइड, झोप, ऐकू कमी येणे, हे तपासून घ्यावे. औदासीन्यावर खात्रीचे असे खास औषध आज नाही. डॉक्टर कधी कधी डोपामिनच्या गोळ्यांची मात्रा बदलून पाहतात. पण स्वतःच्या मनाने ती वाढवू नका. त्यांतल्या काही गोळ्यांनी उलटे टोक गाठले जाते आणि माणूस जुगार किंवा बेसुमार खरेदी करू लागतो. एकदम बंदही करू नका, ते धोक्याचे आहे.

घरात मी एकच गोष्ट बदलली. प्रश्न विचारणे बंद केले. “फिरायला येता का?” म्हटले की उत्तर “नको.” कारण ठरवण्याची वाटच अडलेली आहे, आणि प्रश्न तिथेच जाऊन धडकतो. आता पाच वाजले की चपला पुढे ठेवते आणि म्हणते, “चला.” येतात. रोज तीच वेळ, तोच रस्ता. बोर्ड मांडून स्ट्रायकर हातात देते. पहिला फटका मारला की पुढचा डाव आपोआप होतो. ही जबरदस्ती नव्हे. दमले, दुखले, तर मी थांबते. पण सुरुवात मात्र मी करते.

याने आजार बरा झालेला नाही. काही दिवस चपला तशाच राहतात. मीही दमते, तेव्हा मुलगी येऊन बसते आणि मी दोन तास बाहेर जाते. सांभाळणाऱ्याने तेवढे घ्यायलाच हवे. पण घरातला राग गेला. माझ्यावरचे त्यांचे प्रेम आटले, असे मला जे वाटत होते, तेही गेले. “आळस भिनलाय” म्हटल्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. तेव्हाही ते “बरं” एवढेच म्हणाले, आणि या वेळी मला ते पुरले.

तुमच्या घरी, शेजारी, सिनेगॉगच्या मागच्या बाकावर असे कोणी गप्प बसलेले असेल, तर “हल्ली दिसत नाही तुम्ही” म्हणू नका. शनिवारी सकाळी त्यांच्या दारी जा आणि सोबत घेऊन या.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.