जमीन सोडा म्हणणाऱ्यांना आमचा जवाब



वनहक्काच्या दाव्यांवर बोलायला गेलं की साहेब लोक हल्ली नवीनच पाढा वाचतात. "सगळं जग शहरात चाललंय. कोरिया, ब्राझील, चीन, सगळीकडं हेच झालं. तुमची पोरंही नाक्यावर, वीटभट्टीवर जातातच ना? मग दोन एकर वरकस जमिनीसाठी भांडता कशाला?"

आकडे सांगताय ना, मग पुरे सांगा.

1960 साली दक्षिण कोरियात शंभरातली सुमारे 28 माणसं शहरात राहत होती, ब्राझीलमध्ये 46. 1990 ला दोन्हीकडं 74 च्या आसपास. आकडा सारखाच, पण वाट वेगळी. कोरियात 1950 मध्येच जमीनदारांची तीन हेक्टरवरची जमीन काढून कुळांना दिली होती. त्या कुळांची पोरं शाळा शिकली, मग कारखान्यात गेली. सोलमध्येही गरिबांच्या झोपड्या पाडल्या, ते आम्ही लपवत नाही. पण गावाकडं पाय ठेवायला जागा होती. ब्राझीलमध्ये मोठे मळे मळेवाल्यांकडंच राहिले. मजूर हाकलला गेला, आणि शहराच्या टेकडीवर झोपडी बांधून राहिला. 1984 पासून तिथल्या भूमिहीनांची चळवळ पडीक मळ्यांत शिरून जमीन मागते आहे. म्हणजे शहरात जाऊनही जमिनीचा प्रश्न सुटला नाही.

एवढ्या लांब कशाला? मोर्च्याला मुंबईला गेलो तेव्हा आमचा मुक्काम प्रभादेवीच्या एका चाळीत होता. तिथले एक म्हातारे गिरणी कामगार रात्री बोलत बसले. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. बाबा म्हणाले, "ज्याचं कोकणात, घाटावर शेत होतं, तो गावी जाऊन भात-नाचणीवर तगला. ज्याचं नव्हतं, त्याच्या घरातली भांडी विकली गेली."

गिरण्या बंद पडल्या. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक महापालिकेला, एक घरांसाठी, एक मालकाला. 2001 ला नियम फिरवला: वाटे फक्त मोकळ्या जागेचेच पडतील. 2006 ला सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलं. आज धुराड्यांच्या जागी काचेचे टॉवर आहेत. गिरणी चालली कामगाराच्या घामावर, पण जमिनीचा कागद मालकाचा. म्हणून जमीनही मालकाची.

त्या टॉवरच्या नळाला पाणी कुठलं? तानसा, वैतरणा, भातसाचं. आपल्या डोंगराचं. शहराला आपलं पाणी पाहिजे, आपले हात पाहिजेत, फक्त आपला हक्क नको.

आमची पोरं शहरात जाऊ नयेत असं आम्ही म्हणत नाही. जातील, शिकतील, काम करतील. पण जाईल तो आपल्या मर्जीनं जाईल, आणि काम सुटलं तर परत यायला त्याचं शेत असेल. कसणाऱ्याच्या हातात आधी पट्टा, मग बाकीच्या गप्पा.

म्हणून, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसतोय त्या प्रत्येक घरानं दावा टाकायचा. ग्रामसभेत मंजूर करून घ्यायचा, पोच घ्यायची आणि जपून ठेवायची. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. जंगलाचा सामूहिक दावाही सोडायचा नाही.

जंगल-जमीन आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची!